टर्बो पेट्रोल गाडीत गिअर नेमका केव्हा बदलावा

फोक्सवॅगन पोलोच्या १.० टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनाचा १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, साधारण १७५० ते ४००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दरम्यान मिळतो आणि ११० पीएस शक्ती ५००० ते ५५०० आरपीएमला. या दोन आकड्यांवरूनच गिअर बदलण्याची वेळ ठरते. रोजच्या रहदारीत २००० ते २५०० आरपीएमला वरचा गिअर टाकणे पुरेसे आहे, कारण तेवढ्यातही गाडीला चांगली ओढ असते. मात्र घाटात किंवा ट्रकला ओलांडताना पाचव्या गिअरमध्येच ॲक्सिलरेटर दाबत राहू नये. आधी तिसरा गिअर टाकावा आणि ५५००च्या आसपास चौथा घ्यावा, म्हणजे आरपीएमचा काटा पुन्हा भरपूर टॉर्कच्या पट्ट्यातच उतरतो. त्यापुढे आरपीएम मीटरवरच्या लाल पट्टीपर्यंत ताणल्यास आवाज वाढतो, वेग त्या मानाने वाढत नाही.

वरच्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमच्या खाली पूर्ण ॲक्सिलरेटर देणे मला सर्वांत घातक वाटते. गिअरच्या दांड्यातून हाताला थरथर जाणवली, की लगेच खालचा गिअर घ्यावा. सकाळी इंजिन थंड असताना मात्र ३००० ओलांडू नये. तापमानाचा काटा कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) असतो, ऑइल त्यानंतर काही मिनिटांनी तापते. खालचा गिअर घेताना घाईने चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला, तर आरपीएम मर्यादेबाहेर जाऊ न देणारा रेव्ह लिमिटरही इंजिनाला वाचवू शकत नाही, कारण तेव्हा चाकेच इंजिनाला फिरवत असतात.