टॅब की स्पेस हा वाद बाजूला ठेवा, आधी या चुका टाळा

बदल तीन ओळींचा होता. तारखांची तुलना करताना एका जागी 'मोठी' ऐवजी 'मोठी किंवा तीच' हवं होतं आणि त्यामुळे शेजारच्या दोन ओळी हलल्या, एवढंच. पण मी पुल रिक्वेस्ट (माझे बदल तपासून घ्या अशी विनंती) टाकली तेव्हा तिच्यात साडेनऊशे ओळी लाल, म्हणजे काढलेल्या, आणि साडेनऊशे हिरव्या, म्हणजे नव्या. फाइल सेव्ह होताना माझ्या एडिटरने इंडेंटच्या, म्हणजे ओळ आत ढकलायला तिच्याआधी सोडलेल्या, चार स्पेसच्या दोन करून टाकल्या होत्या, कारण मला दोन आवडतात. रिव्ह्यू करणाऱ्या सहकाऱ्याने थोडं वर-खाली स्क्रोल केलं आणि मंजुरी देऊन टाकली. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं. माझ्या तीन ओळींतली एक चुकलेली होती. ती चार दिवसांनी सापडली, आणि त्यातला दीड दिवस नुसता तो डिफ (जुन्या-नव्या ओळींतला फरक) वाचण्यात गेला.

दोन स्पेस आवडण्यात काही चूक नाही. पायथनची शैली सांगणारं पेप ८ चार स्पेस सांगतं, लिनक्स कर्नल आठ रुंदीचा टॅब वापरतो, गो भाषेचा फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप लावणारं साधन) गोफमट टॅबच घालतो, जावास्क्रिप्टवाल्यांचा फॉरमॅटर प्रेटियर काही न सांगितल्यास दोन स्पेस देतो. चौघांचंही उत्तम चाललंय. गडबड होते ती आपली आवड आपल्या स्क्रीनवरून सगळ्यांच्या फाइलमध्ये सांडते तेव्हा.

दुरुस्ती आणि आवराआवर एकाच कमिटमध्ये

वरची माझी चूक हीच. कोडची मांडणी बदलायची असेल तर ती वेगळ्या कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात), आणि त्या कमिटमध्ये दुसरं काहीही नको. कमिट करण्याआधी किती ओळी बदलल्या तो आकडा बघायची सवय लावा. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, त्याच्या गिट डिफ या आज्ञेला 'स्टॅट' हा पर्याय दिला की तो एका नजरेत कळतो. आपण तीन ओळींना हात लावलाय आणि आकडा शेकड्यांत असेल, तर एडिटरने परस्पर काहीतरी केलंय.

समोर असा भलामोठा डिफ आलाच, तर गिट डिफला वजाचिन्ह आणि 'डब्ल्यू' देऊन मोकळ्या जागांचे बदल लपवता येतात. बहुतेक रिव्ह्यूच्या साइटवरही तशी सोय असते. मात्र पायथनच्या फाइलवर हे करताना जपून. तिथे मोकळी जागा हाच तर्क असतो. एखादी ओळ लूपच्या आतून बाहेर आली तर हा पर्याय तो बदलही लपवतो, आणि नेमका तोच बग असू शकतो.

सगळा प्रोजेक्ट एकदाच फॉरमॅट केला की दुसरं दुखणं सुरू होतं: कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये प्रत्येक ओळीपुढे फॉरमॅट करणाऱ्याचं नाव. दोन वर्षांपूर्वीची अट कोणी का घातली हे विचारायला लोक त्याच्याकडे येतात आणि त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नसतं. २०१९ साली आलेल्या गिट २.२३ पासून यावर इलाज आहे. अशा कमिटचे पूर्ण हॅश (ओळखक्रमांक) एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे आणि ब्लेमने ते वगळावेत असं गिटच्या सेटिंगमध्ये सांगायचं. हे सेटिंग रेपॉझिटरीबरोबर (प्रोजेक्टच्या गिटमधल्या साठ्याबरोबर) आपोआप येत नाही, प्रत्येकाला आपापल्या मशीनवर करावं लागतं. लोक हेच विसरतात आणि मग 'चालत नाही' म्हणून तक्रार करतात.

टॅब आणि स्पेसची सरमिसळ

डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण प्रोग्रॅमला नाही. पायथन २ मध्ये टॅब म्हणजे आठच्या पुढच्या पटीपर्यंतची जागा असं धरलं जायचं. समजा एका ओळीआधी आठ स्पेस आहेत आणि तिच्या खालच्या ओळीआधी एक टॅब. तुमच्या एडिटरमध्ये टॅबची रुंदी चार असेल, तर खालची ओळ एक पायरी बाहेर दिसेल. चालेल मात्र आतच. लूप संपल्यावर एकदा छापायची बेरीज प्रत्येक फेरीला छापली जाणार, आणि कोड तर डोळ्यांपुढे अगदी बरोबर! पायथन ३ अशी संदिग्ध सरमिसळ दिसली की 'टॅबएरर' देऊन थांबतो. एरर आली म्हणून कपाळाला हात लावण्यापेक्षा तिचे आभार माना.

शोधायचं कसं? एडिटरमध्ये मोकळ्या जागा दाखवण्याचं सेटिंग चालू करा, बहुतेकांत स्पेसच्या जागी ठिपका आणि टॅबच्या जागी बाण दिसतो. लिनक्सच्या टर्मिनलवर असाल तर कॅट या आज्ञेला कॅपिटल 'ए' हा पर्याय द्या. टॅबच्या जागी टोपीचिन्ह आणि 'आय' दिसेल, ओळीच्या शेवटी डॉलर. डॉलरच्या आधी टोपीचिन्ह आणि 'एम' दिसलं तर तो वेगळा आजार, त्याच्याकडे पुढे येतोच.

'मग सगळीकडे स्पेसच वापरू' असं ठरवलंत, तर मेकफाइल (प्रोग्रॅम बांधण्याच्या आज्ञांची फाइल) मोडेल. तिथे आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, नाहीतर 'मिसिंग सेपरेटर' असं गूढ उत्तर मिळतं. उलट यामलमध्ये (सेटिंग लिहायला वापरतात तो फाइलप्रकार) इंडेंटसाठी टॅब चालतच नाही. म्हणून नियम फाइलच्या प्रकारानुसार ठेवावा लागतो, आणि त्यासाठी प्रोजेक्टच्या मुळाशी एडिटरकॉन्फिगची, म्हणजे एडिटरला हे नियम सांगणारी, एक फाइल पुरते.

आणखी एक छुपा रुस्तम: वेबपेजवरून किंवा चॅटमधून कॉपी केलेल्या कोडमध्ये कधीकधी साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस येते, म्हणजे युनिकोडमधली ००ए० क्रमांकाची. दिसायला हुबेहूब तशीच. एरर दाखवलेल्या ओळीत काहीच चूक दिसत नसेल, तर तिची सुरुवात पुसून हाताने पुन्हा टाइप करून बघा.

इंडेंट खोटं बोलतं तेव्हा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माणूस इंडेंट वाचतो, कंपायलर कंस वाचतो. दोघांना वेगवेगळं दिसलं की काय होतं, ते बघा:

जर (चूक_आली)
    जा शेवटी;
    जा शेवटी;
सही_तपासा();

कंस नाहीत, त्यामुळे अट फक्त पहिल्या 'जा शेवटी'ला लागू. दुसरं 'जा शेवटी' अट पूर्ण होवो न होवो, प्रत्येक वेळी चालतं. सही तपासण्याची वेळच येत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये अगदी या धाटणीचा बग उघड झाला. तिथे वाईट हे की उडी मारताना चूक नोंदवणारा आकडा शून्यच होता, म्हणजे 'सगळं ठीक' असं उत्तर परत जात होतं. त्याच महिन्यात आयओएस ७.०.६ मध्ये त्यांनी तो दुरुस्त केला.

यावर दोन उपाय. एक, 'जर'च्या खाली एकच ओळ असली तरी महिरपी कंस घाला. मला पूर्वी हे कंस म्हणजे निव्वळ पसारा वाटायचा, आता त्यांच्याशिवायची अट बघितली की हात शिवशिवतात. दोन, फॉरमॅटर चालवा. त्याने ती दुसरी ओळ डावीकडे सरकवली असती आणि चूक कुणाच्याही डोळ्यांत भरली असती. फॉरमॅटरने कोड सुंदर दिसतो म्हणून तो वापरा असं लोक सांगतात. माझ्या मते इंडेंटला खरं बोलायला लावतो, एवढ्यासाठीच तो वापरावा. सी लिहिणाऱ्यांनी कंपायलरच्या वॉर्निंगही चालू ठेवाव्यात. २०१६ च्या जीसीसी ६ पासून फसव्या इंडेंटसाठी वेगळी वॉर्निंग आहे आणि 'वॉल' हा पर्याय दिला की तीही चालू होते.

कंस खालच्या ओळीत घ्यायची सवय

सी किंवा सी शार्पमध्ये खुशाल घ्या. जावास्क्रिप्टमध्ये 'रिटर्न' लिहून ऑब्जेक्टचा कंस खालच्या ओळीत घेतलात, तर भाषा 'रिटर्न'नंतर स्वतःच अर्धविराम घालते. एरर बहुधा येत नाही, फंक्शन गुपचूप 'अनडिफाइन्ड' परत देतं. गोमध्येही अर्धविराम आपोआप पडतो, पण तिथे निदान प्रोग्रॅम कंपाइल होत नाही. जिथे भाषेनेच निवड केलेली आहे तिथे आपली आवड चालवायला जाऊ नये.

ओळीची लांबी, ओळीचा शेवट

८० अक्षरांची मर्यादा आयबीएमच्या १९२८ सालच्या ८० रकान्यांच्या पंचकार्डांपासून चालत आली आहे. पेप ८ म्हणतं ७९, पायथनचा फॉरमॅटर ब्लॅक म्हणतो ८८. कुठलाही आकडा घ्या, माझी हरकत नाही. पण पाच पायऱ्या आत गेल्यामुळे ओळ मावत नसेल, तर मर्यादा वाढवू नका, फंक्शन फोडा. लिनक्स कर्नलच्या शैलीपत्रकात तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागल्या तर प्रोग्रॅमच दुरुस्त करा, असं जरा फटकळपणे लिहिलंय. मला ते पटतं.

आता तो टोपीचिन्ह-एमचा आजार. विंडोजवर ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते, लिनक्सवर एकाने. विंडोजवर सेव्ह केलेली शेल स्क्रिप्ट सर्व्हरवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणते आणि फाइलमध्ये काहीच वावगं दिसत नाही. प्रत्येकाच्या मशीनवरच्या गिट सेटिंगवर विसंबू नका, रेपॉझिटरीतच गिटॲट्रिब्यूट्सची फाइल ठेवून ओळीचा शेवट ठरवून टाका.

दोन फॉरमॅटरची जुंपते तेव्हा

मी सेव्ह केलं की कोटेशनचिन्हं एकेरी, सहकाऱ्याने सेव्ह केलं की दुहेरी. प्रत्येक कमिटमध्ये त्याच ओळी इकडून तिकडे. याचं कारण बहुतेक वेळा एकच: एडिटरचा स्वतःचा फॉरमॅटर आणि प्रोजेक्टचा फॉरमॅटर दोन्ही चालू आहेत, किंवा फॉरमॅटर एकच पण आवृत्त्या वेगळ्या. आवृत्ती बदलली की नियमही थोडे सरकतात. म्हणून प्रोजेक्टमध्ये फॉरमॅटरची नेमकी आवृत्ती बांधून ठेवा, बिल्डच्या वेळी तीच तपासू द्या, आणि एडिटरमध्ये वैयक्तिक सेटिंगऐवजी त्या प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये कोणता फॉरमॅटर चालेल ते लिहा.

टॅबच्या बाजूने एक मुद्दा मला फार उशिरा कळला. ज्यांना अक्षरं खूप मोठी करून वाचावी लागतात त्यांना टॅबची रुंदी आपल्या सोयीने कमी करता येते, आणि ब्रेल डिस्प्लेवर एक टॅब सहसा एकाच खान्यात मावतो, चार स्पेस मात्र चार खाने खातात. टीममध्ये असं कुणी असेल तर आधी त्यांना विचारा. आमच्या प्रोजेक्टमध्ये आता टॅब आहेत. माझ्या स्क्रीनवर ते दोन रुंदीचे दिसतात, शेजारच्याच्या स्क्रीनवर आठ.