कॅम्पला न जाता करार वाढवून घ्यायचा असेल तर: एनएफएलमधल्या होल्डआउटची आखणी

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि होल्डआउट म्हणजे नव्या करारासाठी खेळाडूने क्लबपासून दूर राहून अडून बसणं. तिथला खेळाडू जुलैत कॅम्पला (मोसमाआधीच्या सराव शिबिराला) गेला नाही म्हणून त्याचा पगार बुडत नाही, कारण जुलै-ऑगस्टमध्ये त्याला पगार मिळतच नसतो. मूळ पगार १८ आठवडी हप्त्यांत वाटला जातो आणि पहिला हप्ता सप्टेंबरात, मोसमाच्या पहिल्या आठवड्याचा. तोवर घरी बसण्याची किंमत दंडाची आणि बोनसच्या वसुलीची. अडून बसणाऱ्याची ताकदही इथेच आहे आणि फसगतही इथेच होते: ऑगस्टअखेरपर्यंत सगळं झेपण्यासारखं वाटतं आणि पहिल्या रविवारी आकडे एकदम बदलतात.

हे टिपण खेळाडूच्या बाजूने लिहिलं आहे. एनएफएलमध्ये बहुतेक करारांतली पुढच्या वर्षांची रक्कम हमीची नसते. क्लब हवं तेव्हा खेळाडूला काढू शकतो, पण खेळाडूला करार मोडता येत नाही. अशा व्यवहारात अडून बसणं हे त्याचं रास्त हत्यार आहे. फक्त ते मोजून वापरावं लागतं.

आधी कागद, मग हट्ट

खेळाडू कोणत्या प्रकारच्या करारावर आहे हे पाहिल्याशिवाय एजंटने तोंड उघडू नये. ड्राफ्टमधून (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातून) आलेल्या खेळाडूचा पहिला करार तिसरा मोसम संपेपर्यंत बदलताच येत नाही, तो नियमच आहे. म्हणून दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी कॅम्प बुडवून काही मिळत नाही. क्लबची इच्छा असली तरी तो देऊ शकत नाही. ॲरन डॉनल्ड २०१४ मध्ये रॅम्स क्लबकडे आला आणि पहिल्यांदा अडून बसला तो २०१७ मध्ये, चौथ्या मोसमाआधी. त्यामागचं कारण हेच.

लीग आणि खेळाडू संघटनेतल्या २०२० च्या सामूहिक करारानुसार पहिल्या करारावरच्या खेळाडूला कॅम्पच्या प्रत्येक गैरहजर दिवसाला ४०,००० डॉलर दंड आहे आणि समझोता झाल्यावर क्लब तो माफ करू शकतो. नंतरच्या करारावरच्या अनुभवी खेळाडूला दिवसाला ५०,००० डॉलर, आणि तो क्लबला माफ करताच येत नाही. 'शेवटी सोडून देतील' हा जुना भरवसा त्याच्यापुरता संपला आहे. काही प्रकारच्या करारांत प्रत्येक प्रीसीझन (मोसमाआधीच्या) सामन्याचा वेगळा दंडही लागू शकतो, तेव्हा ते कलम कराराशी ताडून पाहा.

तिसरा प्रकार फ्रँचाइझ टॅगचा, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला क्लब ठरलेल्या पगारावर आणखी एक वर्ष रोखून ठेवतो तो. टॅग लागला पण सही केली नाही, तर खेळाडू कराराखाली नसतो, म्हणून कॅम्प बुडवला तरी दंड नाही. लेव्हिऑन बेल २०१८ मध्ये असाच बाहेर राहिला. मात्र टॅगवाल्याला दीर्घ मुदतीचा करार जुलैच्या मध्यापर्यंतच करता येतो. ती तारीख गेली की त्या वर्षी मागण्यासारखं फारसं उरत नाही. बेल पूर्ण मोसम बसला, १ कोटी ४५ लाख डॉलरवर पाणी सोडलं आणि २०१९ मध्ये जेट्सशी चार वर्षांचा ५ कोटी २५ लाखांचा करार केला.

कागदावर आणखी दोन गोष्टी शोधा. एक, गैरहजेरीमुळे हमीच्या रकमेची हमी रद्द होते असं कलम आहे का. असेल तर पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठी ठेव धोक्यात येते. दोन, खेळाडूचे 'जमा मोसम' किती झाले. पूर्ण मुक्त होण्यासाठी असे चार मोसम लागतात; तीनच असतील तर तो मर्यादित मुक्त खेळाडू ठरतो आणि मूळ क्लबचा हात वर राहतो. कराराखालचा खेळाडू ठरल्या दिवशी कॅम्पला हजर झाला नाही, तर ते वर्ष जमेत धरलं जात नाही. चारच्या आत असलेल्याने ही चूक करू नये.

एका मोसमाचा हिशेब

आकडे मांडून पाहा. समजा, अनुभवी खेळाडूचा मूळ पगार ९० लाख डॉलर आहे आणि साइनिंग बोनसचा (सहीबद्दल मिळणाऱ्या रकमेचा) या वर्षाच्या वाट्याला येणारा भाग ३० लाख.

जूनमधला तीन दिवसांचा सक्तीचा मिनीकॅम्प बुडवला तर २०२५ च्या दराने १७,४६२, मग ३४,९२५, मग ५२,३८१, म्हणजे एकूण १,०४,७६८ डॉलर. (मे-जूनमधले बाकीचे सराव ऐच्छिक असतात, तिथे दंड नाही, पण करारात वर्कआउट बोनस असेल तर तो जातो.) कॅम्पचे ३० दिवस बुडवले तर १५ लाख.

आता बोनस. कॅम्पच्या सहाव्या दिवशी क्लब या वर्षाच्या बोनस-भागातले १५ टक्के, म्हणजे साडेचार लाख, परत मागू शकतो. पुढे रोज १ टक्का, म्हणजे ३०,००० डॉलर, आणि कॅम्पपुरती मर्यादा २५ टक्के. सोळाव्या दिवशी ही मर्यादा गाठली जाते: साडेसात लाख. त्यानंतर बोनसचं मीटर थांबतं आणि दंडाचं चालू राहतं. म्हणजे पाचव्या दिवसाची संध्याकाळ हा एक थांबा आहे. परतायचा जरा जरी विचार असेल तर तेव्हाच परता, सातव्या-आठव्या दिवशी नव्हे.

आणि पहिला सामना बुडला तर? पगाराचा अठरावा हिस्सा, ५ लाख. शिवाय बोनसमधले आणखी २५ टक्के, साडेसात लाख. त्या एका सामन्याची किंमत साडेबारा लाख, म्हणजे कॅम्पच्या २५ दिवसांच्या दंडाइतकी. हा आकडा खेळाडूला आणि त्याच्या घरच्यांना जुलैतच कागदावर दाखवा. ही रेषा ओलांडायची की नाही, याचं उत्तर कॅम्प सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. सप्टेंबरात, रागात आणि बातम्यांच्या गदारोळात घेतलेला निर्णय जवळजवळ नेहमी महाग पडतो.

२०२३ मध्ये चीफ्सच्या ख्रिस जोन्सने ही रेषा ओलांडली. त्याचा मूळ पगार १ कोटी ९५ लाख, म्हणून लायन्सविरुद्धचा पहिला सामना त्याला सुमारे १० लाख ८३ हजारांना पडला. तो स्टेडियममधल्या खासगी कक्षात बसून सामना पाहत होता. चीफ्स २१-२० असे हरले. चार दिवसांत एका वर्षाचा सुधारित करार झाला आणि २०२४ मध्ये पाच वर्षांचा, १५ कोटी ८७ लाख ५० हजारांचा. मोठा करार आला, पण अडून बसल्यानंतर लगेच नव्हे, आणखी एक मोसम खेळल्यावर.

जोर कुठे असतो, कुठे नसतो

खेळाडू किती चांगला आहे यावर फार भर दिला जातो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न: त्याच्या जागी उद्या कोण उतरणार? १९९३ मध्ये एमिट स्मिथ बाहेर होता, त्याचा करारच संपला होता. डॅलस काउबॉइजकडे त्याच्या जागी डेरिक लॅसिक हा नवखा होता. पहिले दोन्ही सामने गेले आणि मालकाने सही केली: चार वर्षं, १ कोटी ३६ लाख. त्याच मोसमात डॅलसने सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. उलट २०१९ मध्ये चार्जर्सचा मेल्विन गॉर्डन बसला तेव्हा त्याच्या जागी ऑस्टिन एकेलर उत्तम खेळत होता. गॉर्डन चार सामने खेळला नाही आणि नव्या कराराविना परतला. रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या) जागेवर हा धोका नेहमीचा.

दुसरा प्रश्न, करारात किती वर्षं उरली आहेत? एक उरलं असेल तर क्लब बोलायला बसतो. तीन उरली असतील तर तो सहसा बसत नाही. एकाला दिलं की सगळे रांग लावतील ही भीती. २०१५ मध्ये सीहॉक्सचा कॅम चान्सेलर तीन वर्षं शिल्लक असताना अडून बसला. सेंट लुइसला पहिल्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्याच्या जागी उतरलेला डिऑन बेली घसरून पडला, समोरच्याने बरोबरीचा टचडाउन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) केला आणि सीहॉक्स जादा वेळेत हरले. पुढचाही सामना गेला. चान्सेलरची गरज याहून स्पष्ट दिसू शकत नव्हती. तरीही क्लब हलला नाही आणि तो हात हलवत परत आला.

आणि ज्याच्या मागच्या कामगिरीवर मागणी उभी आहे, त्याने मोसमात फार ताणू नये. हासन रेडिकने सलग चार मोसमांत दरवर्षी किमान ११ सॅक (चेंडू फेकण्याआधीच प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला पाडणं) केले होते. २०२४ मध्ये तो जेट्सकडे आला आणि सात सामने बाहेर राहिला. १ कोटी ४२ लाख ५० हजारांच्या पगारातून दर आठवड्याला सुमारे ७ लाख ९१ हजार गेले. परतल्यावर उरलेल्या मोसमात त्याच्या नावावर एकच सॅक लागला, आणि पुढच्या बाजारात तोच आकडा त्याच्यासमोर ठेवला जाणार होता.

होल्ड-इन: हजर राहून न खेळणं

दंड माफ होत नाही म्हटल्यावर अनुभवी खेळाडूंनी हा मार्ग धरला. स्टीलर्सचा टी. जे. वॉट २०२१ मध्ये कॅम्पवर आला, संघाच्या सरावात मात्र उतरला नाही, आणि मोसमाच्या तोंडावर चार वर्षांचा ११ कोटी २० लाखांचा करार घेऊन गेला. दंड नाही, बोनसची वसुली नाही, जमा मोसमालाही धक्का नाही.

पण यात शिस्त लागते. ठरल्या दिवशी हजर व्हा, वैद्यकीय तपासणी करून घ्या, प्रत्येक मीटिंगला वेळेवर बसा, उपचारांना जा. सरावाला थेट नकार देऊ नका. तसं केलं तर क्लबला शिस्तभंगाची कारवाई करायला जागा मिळते. दुखणं सांगायचं असेल तर ते खरं आणि नोंदलेलं असावं. प्रशिक्षकाशी आधी बोलून वैयक्तिक कसरतीचं वेळापत्रक ठरवलेलं सगळ्यात बरं. क्लबलाही तमाशा नको असतो.

मीटिंगला न जाता मैदानाकडेला टेबलावर आडवं पडून राहिलं की फोटो फिरतो आणि लोकांची सहानुभूती क्लबकडे जाते. बोलणी अडली तर ट्रेडची (दुसऱ्या क्लबकडे पाठवलं जाण्याची) तयारीही ठेवावी लागते: २०२५ मध्ये मायका पार्सन्स पाठीच्या तक्रारीमुळे डॅलसच्या कॅम्पमध्ये सरावाबाहेर होता आणि २८ ऑगस्टला थेट ग्रीन बेला गेला, चार वर्षांच्या १८ कोटी ८० लाखांच्या करारासह.

शरीर आणि परतीचा दिवस

घरी कितीही धावलं तरी पॅड घालून, समोरच्याच्या हालचालीवर अचानक वळण्याची सवय घरी लागत नाही. म्हणून परतल्यावर पहिला घात मांडीच्या मागच्या स्नायूचा होतो. डॅरेल रेव्हिस २०१० मध्ये ६ सप्टेंबरला जेट्सकडे परतला. दुसऱ्याच सामन्यात रँडी मॉसच्या मागे पळताना त्याच्या मांडीचा स्नायू धरला आणि मॉसने एका हातात चेंडू घेऊन टचडाउन केला. बाहेर असताना आठवड्यातून किमान दोनदा पूर्ण वेगाची धाव, दिशा बदलण्याची कसरत आणि प्रत्यक्ष समोर खेळणारा जोडीदार ठेवा. उशिरा येणाऱ्यासाठी क्लबला रोस्टरमधून (खेळाडूंच्या मर्यादित यादीतून) काही दिवसांची सूट मिळते. ती वापरायला सांगा, लाजू नका.

नव्या कराराविना परतून खेळणं सगळ्यात धोक्याचं. अर्ल थॉमस २०१८ मध्ये पूर्ण कॅम्प बाहेर राहिला, जुन्याच करारावर परतला आणि चौथ्या सामन्यात त्याचा पाय मोडला. परतावं लागलंच तर निदान थोडी हमी किंवा मोसमानंतर टॅग न लावण्याचं लेखी वचन मागा.

सहीच्या दिवशी तीन गोष्टी तपासा. माफ न होणारा दंड नव्या साइनिंग बोनसमध्ये भरून निघतोय का. मागच्या वसुलीवर क्लबने लेखी हक्क सोडलाय का. आणि 'एकूण रक्कम' बाजूला ठेवून, सहीच्या क्षणी पूर्ण हमीची रक्कम किती आहे. वर्तमानपत्रांत 'एकूण रक्कम' छापून येते. खेळाडू पुढच्या वर्षी जायबंदी झाला तर त्याच्या हातात येते ती पूर्ण हमीची रक्कम.