व्हीएस कोडमध्ये माउसला हात न लावता फायली उघडा

व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये डाव्या बाजूची फोल्डरची यादी खालीवर सरकवत फाइल शोधणं ही सवय आधी सोडा. वेळ तर जातोच, पण डोक्यात जुळत आलेला विचार तेवढ्यात तुटतो, आणि ते नुकसान मोठं.

सुरुवात एक-एक फाइल उघडण्यापासून नको, प्रकल्पाचं अख्खं फोल्डरच उघडा. फाइल मेनूत 'ओपन फोल्डर' आहे. हे केलं नाही तर पुढची युक्ती अर्धीच चालते.

आता कंट्रोल आणि पी दाबा (मॅकवर कमांड आणि पी). वर एक चौकट येईल, तिच्यात नाव टाइप करा. पूर्ण नाव लागत नाही. फाइल 'इन्व्हॉइस कंट्रोलर' असेल तर दोन्ही शब्दांची पहिली दोन-तीन अक्षरं पुरतात. प्रत्येक फोल्डरात 'इंडेक्स' नावाचीच फाइल असेल तर आधी फोल्डरचं नाव, मग स्पेस, मग फाइलचं नाव. आणि मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट: नावापुढे विसर्गचिन्हासारखा कोलन देऊन ओळ क्रमांक लिहा. कोडची चाचणी 84व्या ओळीवर अडकली, तर नाव, कोलन, 84, एंटर. कर्सर थेट तिथेच.

दोनच फायलींत ये-जा असेल तर कंट्रोल आणि टॅब. एकदा दाबून सोडलं की मागची फाइल, पुन्हा दाबलं की परत पहिली. कंट्रोल धरून ठेवलात तर उघड्या फायलींची यादी दिसते. ती टॅबच्या क्रमाने नसते, शेवटी वापरलेली फाइल आधी असते, म्हणून बोटांना लवकर सवय होते.

नवख्यांना हमखास गोंधळात पाडणारी एक गोष्ट: डाव्या बाजूच्या यादीतल्या फाइलवर एकदाच क्लिक केलं तर ती तात्पुरती उघडते. टॅबवरचं नाव तिरक्या अक्षरांत दिसतं आणि पुढची फाइल पाहिली की तिची जागा घेते. माझ्याही फायली सुरुवातीला अशाच 'गायब' व्हायच्या. डबल क्लिक करा किंवा काही टाइप करा, फाइल टिकते.

चुकून बंद झालेली फाइल कंट्रोल, शिफ्ट आणि टीने परत येते. एफ12 दाबून फंक्शनच्या मूळ व्याख्येकडे गेलात, तर विंडोजवर ऑल्ट आणि डावा बाण दाबा, निघालात त्याच ओळीवर परत याल.