लिलावाआधीच्या पाहणीत जुनी शस्त्रं आणि चिलखतं कशी बघावीत

संग्रहालयातली तलवार काचेआड असते. तिचं वजन, मुठीतला तोल, पाठीवरची (धारेविरुद्धच्या बोथट कडेवरची) अक्षरं, म्यानाच्या तोंडाशी झिजलेलं लाकूड, यातलं काहीच तिथे कळत नाही. लिलावाआधीच्या पाहणीत तशीच तलवार टेबलावर असते आणि मागितली तर हातात देतात. बहुतेक लिलावगृहांत ही पाहणी विनामूल्य असते, दोन-चार दिवस चालते आणि तिच्यासाठी बोलीची नोंदणी करावी लागत नाही. पैसे बेताचे असतील तर लिलावाचा दिवस हुकला तरी चालेल, पाहणीचा हुकवू नका.

घरून निघण्याआधी

कॅटलॉग ऑनलाइन फुकट मिळतो. तो पूर्ण वाचा आणि दहा-बारा वस्तूच निवडा. त्याहून जास्त नीट बघून होत नाहीत. विसाव्या पात्यापाशी डोळे थकलेले असतात आणि सगळीच पाती सारखी दिसू लागतात.

कॅटलॉगमधला शब्द न् शब्द तोलून लिहिलेला असतो. ‘सतरावं शतक’ असं लिहिलं असेल तर ते लिलावगृहाचं ठाम मत. ‘सतराव्या शतकाच्या शैलीत’ म्हणजे वस्तू नंतरची, बहुतेकदा एकोणिसाव्या शतकातली. ‘कॉम्पोझिट’ म्हणजे वेगवेगळ्या चिलखतांचे भाग जुळवून केलेला संच. ‘असोसिएटेड’ म्हणजे हे म्यान किंवा शिरस्त्राणाची ही झडप (चेहऱ्यावरचा उघडझाप होणारा पत्रा) जुनी असेल, पण मुळात या वस्तूची नव्हे. हे शब्द दिसले म्हणून वस्तू वाईट ठरत नाही, पण किंमत मात्र बरीच उतरते. बेताच्या बजेटवाल्यांसाठी खरी संधी इथेच असते.

मग कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या स्थितीचा अहवाल, मागा. त्यालाही सहसा पैसे पडत नाहीत. ‘स्थिती कशी आहे’ असं मोघम विचारलं तर ‘वयाला साजेशी झीज’ असं मोघम उत्तर येतं. नेमकं विचारा: मूठ हलते का? पात्यात कुठे चीर किंवा वेल्डिंग आहे का? कोणते रिव्हेट नवे आहेत? एकूण वजन किती? चिलखत असेल तर आतल्या बाजूचे फोटो मागा. आतून फोटो द्यायला टाळाटाळ झाली, तर ती वस्तू प्रत्यक्ष बघितल्याशिवाय तिच्यावर बोली लावू नये.

सोबत घ्यायच्या वस्तू थोड्याच: छोटा एलईडी टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, कापडी टेप, पेन्सिल, वही आणि नायट्राइलचे हातमोजे. सुती हातमोज्यांतून पॉलिश केलेलं पोलाद सटकतं, आणि उघड्या बोटांच्या घामातल्या मिठाने पात्यावर ठसे गंजतात. पेन नको, पेन्सिलच बरी. शाईचा डाग मखमली म्यानावरून जात नाही. अंगठी, घड्याळ, लोंबणारी ओळखपत्रं खिशात टाका. लोहचुंबक न्यायचा असेल तर वापरण्याआधी विचारा.

हातात घेताना

वस्तू स्वतः उचलू नका, तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. एका वेळी एकच वस्तू, आणि तीही टेबलाच्या वरच, म्हणजे निसटली तरी उंचावरून पडणार नाही.

तलवार म्यानातून काढताना होणारी चूक जवळजवळ ठरलेली आहे: डावा हात म्यानाभोवती मुठीसारखा आवळला जातो. जुन्या म्यानाचं लाकूड धारेच्या बाजूला झिजून कागदासारखं झालेलं असतं, शिवण सुटलेली असते, आणि पातं ओढताच धार लाकडातून थेट बोटांवर येते. म्हणून म्यान पाठीच्या बाजूने तळहातावर पेला, बोटं धारेकडे जाऊ देऊ नका. पात्याची पाठ म्यानाला घासत, सरळ रेषेत, हळू ओढा. दोन-तीन इंचांवर अडलं तर तिथेच थांबा. आत गंज धरलेला असतो किंवा लाकूड वाकलेलं असतं. जोर लावला की म्यान फाटतं. बाहेर आलेल्या पात्याला हात लावू नका, अंगठ्याने धार तपासू नका आणि तलवार फिरवून तर अजिबात बघू नका.

बंदूक-पिस्तुलाचा घोडा मागे ओढून चाप दाबू नका, कारण दोनशे वर्षांची स्प्रिंग एका खटक्यात तुटते. शिरस्त्राण दोन्ही हातांनी खालून धरा. झडप किंवा तुऱ्याची नळी ही धरायची जागा नव्हे. आणि ते डोक्यावर घालायचं नसतं.

एक तलवार, सावकाश

आधी वजन. लढाईसाठी घडवलेली भारतीय तलवार साधारण एक किलोच्या आसपास असते. हातात घेताच लोखंडी पट्टीसारखी जड आणि टोकाकडे झुकणारी वाटली, तर ती बहुधा भिंतीवर टांगायला केलेली आहे. खऱ्या पात्याची जाडी मुठीपाशी जास्त आणि टोकाकडे कमी होत जाते. पाठीवरून नजर फिरवली की हा उतार दिसतो. नकली पातं बहुधा एकाच जाडीच्या पट्टीतून कापलेलं असतं.

मग टॉर्च. प्रकाश वरून टाकू नका. पात्याला जवळजवळ समांतर, अगदी तिरपा धरा. भरलेले खड्डे, घासून काढलेला गंज, मशीनच्या चाकाने उठलेल्या लाटा हे सगळं या एका युक्तीने उघडं पडतं. पन्हळीची (पात्याच्या लांबीने गेलेल्या खोलगट खाचेची) कड टोकापर्यंत रेखीव आहे का ते बघा. जास्त घासलेल्या पात्यावर ती कड बोथट होते आणि ते पोलाद कायमचं गेलेलं असतं.

पृष्ठभागावर पाण्याच्या लहरींसारखी बारीक, अनियमित नक्षी दिसली तर ते मुशीत बनवलेलं जौहरदार पोलाद असू शकतं. यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो आणि मूस सावकाश थंड होताना ही नक्षी पोलादाच्या आतच तयार होते. वेगवेगळ्या लोखंडाच्या पट्ट्या जोडून, पीळ देऊन केलेल्या पात्यावरही नक्षी दिसते, पण तिच्यात ठरावीक वळणं पुन्हा पुन्हा येतात. लख्ख चंदेरी आणि गडद काळे पट्टे झेब्र्यासारखे उठून दिसत असतील तर तो निकेलमिश्रित पोलादाचा आजकालचा माल समजा. आम्लाने नुसती वरवर चितारलेली नक्षी भिंगाखाली सपाट दिसते आणि धारेपाशी अचानक संपते.

आता मूठ आणि पातं जिथे मिळतात ती जागा. भारतीय मुठीत पात्याचा आखूड शेपटा लाखेत किंवा राळेत बसवलेला असतो. जुनी लाख गडद तपकिरी, ठिसूळ आणि भेगाळलेली असते. चकचकीत, रबरासारखा किंवा पारदर्शक पदार्थ दिसला तर मूठ अलीकडे बसवली आहे. पण मूठ आणि पातं वेगळ्या काळातले, वेगळ्या देशांतले असणं हा दोष नव्हे, हे लक्षात असू द्या. युरोपातून आलेल्या सरळ पात्याला इथली मूठ बसवली की ती फिरंग. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात आलेली आणि महाराष्ट्र शासनाने विकत घेतलेली रघूजी भोसल्यांची तलवार याच जातीची: पातं युरोपीय, आणि पाठीवर सोन्यात देवनागरी अक्षरं.

अक्षरांच्या बाबतीत मराठी वाचणाऱ्याला मोठा फायदा आहे. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली देवनागरी अक्षरं आणि आकडे असतात. राजा अनूपसिंहाने सतराव्या शतकाच्या अखेरीस दख्खनच्या मोहिमेतून, अदोणीहून नेलेली बरीच हत्यारं त्यांत आहेत. या ठिपक्यांमुळे भाव वाढतो, म्हणून ते नव्याने ठोकलेही जातात. भिंग लावा. जुन्या ठिपक्याचा तळ काळा आणि काठ झिजून गोल झालेला असतो. ताज्या ठिपक्याभोवती धातूची उचललेली, चमकणारी कड दिसते. युरोपीय पात्यावरच्या धावत्या लांडग्याचंही तसंच. जर्मनीतल्या पासाऊ गावची ही खूण इतकी मानली गेली की इतर गावच्या कारागिरांनी ती सर्रास उचलली, त्यामुळे लांडगा दिसला म्हणून पातं पासाऊचं ठरत नाही.

सगळ्यात खात्रीची परीक्षा सोन्याची. कोफ्तगरीत पोलादावर आधी आडव्या-उभ्या बारीक रेघा मारतात आणि त्या खरखरीत पृष्ठभागावर सोन्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. सोनं झिजलेल्या जागी भिंगाखाली त्या रेघांचं जाळं दिसायलाच हवं. जाळं नाही आणि सोनं सगळीकडे एकसारखं पातळ, तर तो मुलामा. आता गंजाचा एखादा खड्डा शोधा आणि सोनं त्याच्या काठावर तुटतं का ते बघा. मूळ सोनं खड्डा पडताना पोलादाबरोबर गेलेलं असतं. सोनं खड्ड्याच्या आत उतरून तळाला चिकटलं असेल, तर गंज आधीचा आणि सजावट नंतरची. साध्या जुन्या तलवारीला ‘शाही’ करण्याचा हा उद्योग फार चालतो, आणि फोटोत तो कळत नाही.

चिलखत आतून बघा

पत्र्याच्या युरोपीय चिलखताची बाहेरची बाजू कुणीही चकचकीत करू शकतो. हातोडीच्या घावांचे उथळ ठसे आतल्या बाजूला राहतात. छातीचा पत्रा मधे जाड आणि कडेला पातळ असतो, कारण लोहाराला जाडी जिथे वार बसणार तिथे हवी असते. एकोणिसाव्या शतकातल्या नकला रोलिंग मिलच्या पत्र्यातून झाल्या, त्यामुळे त्यांची जाडी सगळीकडे एकच आणि आतली बाजू गुळगुळीत. म्युनिकच्या अर्न्स्ट श्मिटच्या कारखान्यातल्या प्रती मात्र इतक्या सुरेख आहेत की आज त्याही लोक आवडीने गोळा करतात.

स्क्रू बघा. मळसूत्राचं प्रमाणीकरण इंग्लिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलं. त्याआधीचे आटे हाताने पाडलेले, किंचित वाकडेतिकडे. सोळाव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या शिरस्त्राणात एकसारखे नेटके स्क्रू सापडले तर निदान दुरुस्ती तरी झाली आहे. चामड्याचे पट्टे जवळजवळ नेहमीच बदललेले असतात. त्यावरून नापसंत करू नका. सतराव्या शतकातल्या छातीच्या पत्र्यावर एखादा गोल खोलगट ठसा असेल तर तो कदाचित गोळी झाडून घेतलेल्या परीक्षेचा असतो. आतून तिथे फुगवटा आहे का ते तपासा.

कड्यांच्या चिलखतात भिंग एका कडीवर स्थिर करा. दोन टोकं एकमेकांवर चढवून त्यांत इवलासा रिव्हेट ठोकलेला असेल तर ते वापरासाठी केलेलं. टोकं नुसती समोरासमोर दाबलेली असतील तर बहुधा समारंभाचं किंवा प्रवाशांना विकण्यासाठी केलेलं. एकोणिसाव्या शतकातली, कड्यांची झालर लोंबणारी इराणी शिरस्त्राणं, पातळ पत्र्याची आणि आम्लाने चितारलेली, बरीचशी या दुसऱ्या प्रकारातली. कड्या चार-पाच वेगवेगळ्या जागी तपासा, कारण जुन्या अंगरख्याला नव्या बाह्या जोडलेल्या असतात.

बोली लावायचीच असेल तर

ज्या बोलीवर हातोडा पडतो ती तुमची किंमत नव्हे. हातोडा १,००० वर पडला, खरेदीदाराचं कमिशन २५ टक्के आणि त्या कमिशनवर २० टक्के कर असेल, तर बिल १,३०० चं. ऑनलाइन मंचावरून बोली लावली तर त्यांचे आणखी काही टक्के. तेव्हा हिशेब उलटा करा: एकूण १,००० च खर्चायचे असतील तर १.३ ने भागा, बोली ७६९ वर थांबते. पाठवणीचा खर्च त्याआधी वजा करा. लांब पात्याची वस्तू अनेक कुरियर घेतच नाहीत, आणि उशीर झाला की साठवणुकीचं भाडं लागू शकतं. आपल्या देशात धारदार शस्त्र बाळगण्याचा आणि आयातीचा कायदाही आधीच बघा. मूठ हस्तिदंताची किंवा ढाल गेंड्याच्या कातड्याची असेल तर ती सीमेवर अडकू शकते.

कमी पैशांत पूर्ण चिलखताच्या मागे लागू नये. एकटा लोखंडी हातमोजा, खांद्याचा सुटा पत्रा, साधी बिनसोन्याची कट्यार, मूठ नसलेलं चांगलं पातं, बारुददाणी, या गोष्टींत कारागिरी तीच असते आणि स्पर्धा कमी. अनेक वस्तूंच्या एकत्र गठ्ठ्यात कधीकधी एकच वस्तू कामाची असते. बोली त्या एकीचीच धरून लावा.

काही घेतलं नाही तरी निकाल वहीत उतरवा: वस्तू, अंदाजे किंमत, प्रत्यक्ष हातोडा, आणि तुमच्या पाहणीतली एक ओळ. अंदाजापेक्षा दुपटीने गेलेली वस्तू परत आठवा आणि तुमच्या नजरेतून काय सुटलं ते शोधा.

घरी आणलेल्या पोलादाला लिंबू, सँडपेपर, मेटल पॉलिश लावू नका. काळा घट्ट थर तसाच ठेवा. बोटाला लागणारा तांबूस भुसभुशीत गंज तेवढा हलक्या तेलाने आणि मऊ कापडाने पुसा. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. तलवार म्यानात घालून वर्षानुवर्षं ठेवू नका, कारण लाकूड ओल धरतं आणि गंज आतून सुरू होतो.