संगणकशास्त्रातील पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती कशी मिळवावी?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये एम.एस्सी. अथवा एम.सी.ए. केलेल्या विद्यार्थ्याने मार्गदर्शकांच्या दारी खेपा घालण्याआधी यूजीसी-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी. जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होणाऱ्या या परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. शिवाय मार्गदर्शकही लवकर होकार देतात, हे उघड गुपित आहे. आयआयटीकडे ओढा असल्यास गेट ही अभियांत्रिकीची राष्ट्रीय परीक्षा द्यावी. बार्टी, सारथी व महाज्योती या अधिछात्रवृत्ती देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे, मात्र जातीची व उत्पन्नाची कागदपत्रे आधीच काढून ठेवावीत.

खरा कस संशोधन आराखड्यात लागतो. ‘केळीवरील रोग ओळखणे’ एवढे लिहून भागत नाही. रावेर-यावलच्या बागांतील करप्याची पाने कोणत्या उजेडात टिपणार, त्या छायाचित्रांवर रोगाची नोंद कोणता जाणकार करणार आणि रेंज नसलेल्या मळ्यात साध्या मोबाईलवर रोग ओळखणारे संगणकीय प्रारूप (मॉडेल) चालेल का, हे त्यात नेमके मांडावे. अहिराणी बोलीचे संगणकीय ध्वनिलेखन, म्हणजे बोललेले संगणकाने लिहून काढणे, हाही असाच भरपूर वाव असलेला विषय आहे.