लिनक्सवर सर्व्हिस कशी लावावी, आणि ती नीट बंद कशी करावी

मशीन चालू होताच आपला प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागे, आपोआप सुरू करणं सोपं आहे. कस लागतो तो बंद करताना. 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' म्हणत दीड मिनिट अडून बसलेली स्क्रीन बऱ्याच जणांनी पाहिली असेल.

पूर्वी इनिट.डी फोल्डरात शेल स्क्रिप्ट टाकायची, एस२० (सुरू करताना), के८० (बंद करताना) अशा क्रमांकांनी रांग लावायची आणि चालू प्रोसेसचा क्रमांक ठेवणारी पीआयडी फाइलही आपणच सांभाळायची. प्रोग्रॅम कोसळला तरी ती फाइल मागे राहायची, आणि पुढचं 'स्टॉप' भलत्याच प्रोसेसवर जायचं. डेबियन या लिनक्सच्या डिस्ट्रोने (वितरणाने) २०१५ साली आवृत्ती ८ मध्ये सिस्टमडी, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था, डीफॉल्ट केलं. त्यावर टीका खूप झाली, पण ही कटकट गेली.

आधी यूनिट फाइल, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी फाइल, लिहा. एक्झेकस्टार्ट या ओळीत प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ द्या आणि रूटऐवजी (सर्वाधिकारी यूजरऐवजी) वेगळा यूजर ठेवा. प्रोग्रॅम स्वतःहून बॅकग्राउंडला ढकलू नका. मध्ये शेल स्क्रिप्ट लागतच असेल, तर तिच्या शेवटच्या ओळीत 'एक्झेक' वापरा, म्हणजे शेलची जागा तुमचा प्रोग्रॅमच घेतो. नाहीतर सिस्टमडी शेललाच मुख्य प्रोसेस धरतं.

मग क्रम. इथे बहुतेकांची गफलत होते. 'आफ्टर' फक्त क्रम ठरवतं, समोरची सर्व्हिस सुरू करत नाही. त्यासाठी 'वॉन्ट्स' किंवा 'रिक्वायर्स' हवं, म्हणून दोन्ही लिहा. समजा, बिलिंगच्या सर्व्हिसमध्ये 'आफ्टर' पुढे पोस्टग्रेस या डेटाबेसचं नाव असेल, तर शटडाउनला क्रम आपोआप उलटतो: आधी बिलिंग थांबतं, मग डेटाबेस.

आता मुख्य काम. थांबवताना सिस्टमडी आधी सिगटर्म, म्हणजे 'आवरतं घे' असा सिग्नल, पाठवतं. तो सिग्नल तुमच्या कोडने पकडायला हवा: नवं काम घेणं बंद, हातातलं पुरं, फाइल आणि कनेक्शन बंद, मग एक्झिट. टाइमआउटस्टॉपसेक ही थांबण्याची मुदत संपली की थेट सिगकिल हा मारून टाकणारा सिग्नल येतो, आणि तो पकडता येत नाही. ही मुदत मुळात ९० सेकंद असते, काही डिस्ट्रोंत कमी. तुमच्या प्रोग्रॅमला खरोखर लागतो तेवढा वेळ द्या. सगळ्यांना सिगटर्मच चालतो असंही नाही. तो मिळाल्यावर पोस्टग्रेस सगळे क्लायंट स्वतःहून निघून जाईपर्यंत वाट बघत बसतं, म्हणून त्याच्या दस्तऐवजातल्या नमुना यूनिटमध्ये किलसिग्नल (थांबवण्याचा सिग्नल) म्हणून सिगइंट हा वेगळा सिग्नल दिलेला आहे.

प्रोग्रॅम कोसळला तर तो पुन्हा सुरू व्हावा म्हणून 'रीस्टार्ट' ला 'ऑन-फेल्युअर' ठेवा आणि रीस्टार्टसेक, म्हणजे पुन्हा सुरू करण्याआधीचं अंतर, ५ सेकंद करा. मूळचे १०० मिलिसेकंद ठेवले आणि प्रोग्रॅम उठताच पडत राहिला, तर १० सेकंदांत ५ प्रयत्न करून सिस्टमडी नाद सोडतं. ५ सेकंदांचं अंतर दिलं की ती मर्यादा गाठलीच जात नाही, मग लॉगवर तुम्हालाच लक्ष ठेवावं लागतं.

शेवटी सिस्टमसीटीएल या कमांडने डीमन-रीलोड (यूनिट फाइल पुन्हा वाचायला लावणं), मग इनेबल आणि स्टार्ट. इनेबलने सर्व्हिस पुढच्या बूटला सुरू होते, स्टार्टने आत्ता.

चाचणी ऐन कामाच्या गर्दीत घ्या: सिस्टमसीटीएलने स्टॉप द्या आणि जर्नलसीटीएलने लॉग उघडा. 'टाइम्ड आउट. किलिंग.' अशी ओळ दिसली, तर सिगटर्म पकडणारा कोड चालत नाहीये किंवा मुदत अपुरी आहे. ते दुरुस्त करून मशीन एकदा खरोखर रीबूट करून बघा.