घराण्याचा इतिहास फुकटात शोधताय? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी पितृपक्षात नाशिकच्या रामकुंडावर गुरुजींनी विचारलं, "पणजोबांचं नाव?" आम्ही तिघे भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. घरात त्यांना सगळे तात्या म्हणत, एवढंच माहीत. "तात्या हे काही नाव नव्हे," गुरुजी म्हणाले, आणि त्यांचं खरंच होतं.

त्या रात्री मोबाइलवर मी जे केलं तीच पहिली चूक. आडनाव टाइप केलं आणि शोध म्हटलं. निकालांचा ढीग पडला. एका ठिकाणी तर आमच्या आडनावाची तयार वंशावळच होती, थेट कुणा सरदारापर्यंत नेलेली. अशा वंशावळी कधी सालगड्यापर्यंत जात नाहीत, सगळ्या सरदारापाशीच थांबतात. पुढचं बघायचं तर 'मोफत ट्रायल'साठी कार्डाचा नंबर मागत होते. तो देऊ नका. मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात.

आडनावावर शोधू नका, कारण जुन्या दप्तरात बऱ्याचदा आडनाव नसतंच. तिथे माणूस 'रामा वल्द धोंडी' किंवा 'रामा बिन धोंडी' असा असतो. वल्द आणि बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. गाव पक्कं करा, मग बापाचं नाव, आडनाव शेवटी.

गाव ठरलं की महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जमिनीचा सातबारा बघा. सहीशिवायचा उतारा फुकट दिसतो. डिजिटल सहीच्या उताऱ्याला १५ रुपये लागतात, पण वंशावळीसाठी सही कशाला हवी? इथे बहुतेक जण आजच्या खातेदारांची नावं वाचून पान बंद करतात. खरा माल 'जुने फेरफार क्रमांक' या चौकटीत असतो. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. तिथले आकडे कागदावर उतरवून घ्या. त्यातला एखादा वारस नोंदीचा फेरफार निघाला की कोण मयत झालं, मागे मुलं किती, बायको कोण, हे एका परिच्छेदात मिळतं. हक्कसोडीचे फेरफार तर सोडूच नका. भावांच्या नावे हक्क सोडताना लेकींची नावं लिहावी लागली, आणि कित्येक घरांत आत्या-आजींची पूर्ण नावं फक्त तिथेच उरली आहेत.

हे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी पोर्टलवर स्कॅन करून ठेवले आहेत, नाशिक जिल्ह्याचेही. प्रत उतरवून घ्यायला शुल्क पडतं, म्हणून आधी नंबर पक्का करा. 'नोंद सापडली नाही' असं आलं तर लगेच हार मानू नका. आजचा गट नंबर टाकून जुना कागद मिळत नाही, कारण जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण होऊन गट पडण्याआधी जमिनी सर्व्हे नंबरवर होत्या. जुना सर्व्हे नंबर तलाठ्याकडे किंवा घरातल्या खरेदीखतावर सापडतो. तालुकाही बदलून बघा. देवळा, त्र्यंबकेश्वर हे तालुके अलीकडचे आहेत, तिथल्या गावांचे जुने कागद दुसऱ्याच तालुक्याच्या नावाने असू शकतात.

आता माझी फजिती. वारस फेरफारात तात्यांच्या नावापुढे 'अ.पा.क.' आणि एक नाव होतं. मी ते वडिलांचं समजलो आणि पंधरा दिवस त्या माणसाच्या मागच्या पिढ्या शोधत बसलो. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा वयात आलेला नाही म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी. पुढे बारीक अक्षरात 'चुलता' लिहिलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. तसंच 'ए.कु.क.' दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा कर्ता. बाकी भाऊ असूनही कागदावर त्याचं एकट्याचं नाव असतं, म्हणून त्याला एकुलता एक ठरवू नका.

१८६९ च्या मागे जायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. नाशिक जिल्हा त्या वर्षी झाला. त्याआधी मालेगाव, नांदगाव, बागलाण खानदेशात होते आणि बाकीचा मोठा भाग अहमदनगरात. मोगलाई कागदांत नाशिकच गुलशनाबाद आहे. इंग्रजी दप्तरात शोधताना स्पेलिंगही जुनं घाला: नासिकला एच नाही, निफाडला एफ नाही तर पीएच, येवल्याला व्ही नाही.

साल वाचतानाही घोटाळा होतो. शकात ७८ मिळवा, पौषानंतरची तारीख असेल तर बहुधा ७९. आपल्याकडच्या फसली, म्हणजे महसुली सालात ५९० किंवा ५९१.

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे त्या नोंदींचे स्कॅन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले. जातीच्या दाखल्याचं काम नसलं तरी ते चाळा. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकात, जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. बरंचसं मोडीत आहे. मोडीत शब्द जोडून लिहितात आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, तेव्हा ॲपने लावलेलं वाचन जाणकाराला दाखवल्याशिवाय धरू नका.

घरात कुणी महायुद्धात गेल्याचं ऐकलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी फुकट आहे. भारतीय शिपायांपुढे अनेकदा बापाचं नाव आणि गावही असतं. फॅमिलीसर्च ही वंशावळीची वेबसाइटही फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. हरिद्वारचे पंडे, म्हणजे तीर्थावरचे उपाध्ये, यजमानांच्या पिढ्या ज्यात लिहून ठेवतात त्या वह्यांचे स्कॅन तिथे आहेत, पण म्हणून नाशिकच्याही असतील असं धरून बसू नका.

मी तसाच बसलो होतो. शेवटी गावच्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "आपले उपाध्ये कोण, ते तरी माहीत आहे का?" नव्हतं. पितृपक्षात आम्ही समोर दिसतील त्या गुरुजींकडे बसत होतो. गावाचं नाव सांगत पंचवटीत चौकशी केली, तिसऱ्या घरी वही निघाली. फेरफारात सापडलेलं नाव सांगितल्यावर गुरुजींनी पान काढलं. तात्यांची मोडीतली सही होती, आणि शेजारी गुरुजींच्या आजोबांच्या अक्षरात लिहिलेलं: 'ऊर्फ तात्या'.